चित्रातील बेगम कोण? : पामर कुटुंबाचे तैलचित्र आणि ओळखनिश्चितीचा प्रश्न

प्रास्ताविक

जुन्या व्यक्तिचित्राविषयी इतिहासाचा अभ्यासक दोन प्रश्न विचारतो. हे चित्र कोणी काढले आणि चित्रात कोण आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला कर्तृत्वनिश्चिती म्हणता येईल, दुसऱ्याच्या उत्तराला ओळखनिश्चिती. बाजारात चित्राची किंमत प्रामुख्याने पहिल्या उत्तरावर ठरते, म्हणून संग्रहालये आणि लिलावगृहे यांनी आपले बहुतेक श्रम त्यावरच खर्च केले आहेत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो. चित्रातील व्यक्ती हिंदुस्थानी स्त्री असेल तर त्याचे महत्त्व अधिकच वाढते, कारण अशा स्त्रियांची नोंद इंग्रजी दप्तरात फार अपुरी झालेली आहे.

भोपाळमधील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. 'बेगम ऑफ भोपाळ' एवढीच ओळ खाली छापलेली चित्रे व छायाचित्रे अनेक इंग्रजी ग्रंथांत आढळतात. परंतु भोपाळच्या गादीशी ही उपाधी एका नव्हे, चार बेगमांच्या नावाने जोडलेली आहे. कुदसिया बेगम यांनी १८१९ ते १८३७ या काळात राज्याची सूत्रे सांभाळली. सिकंदर बेगम यांचे निधन १८६८ साली झाले. त्यांच्यानंतर शाहजहाँ बेगम यांनी १९०१ पर्यंत, आणि सुलतान जहाँ बेगम यांनी १९२६ पर्यंत राज्य केले. शंभराहून अधिक वर्षांच्या या कालखंडातील चार व्यक्तींना एकच मथळा पुरत असेल, तर तो मथळा ओळख देतो की ओळख पुसतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध तैलचित्राच्या आधारे केला आहे. हे चित्र लखनऊच्या वातावरणातील आहे, पण त्यातील कुटुंबाचे धागे महादजी शिंद्यांच्या छावणीपर्यंत आणि पुण्याच्या दरबारापर्यंत पोहोचतात.

चित्र आणि कुटुंब

आज ब्रिटिश लायब्ररीत असलेले हे चित्र 'पामर कुटुंब' या नावाने ओळखले जाते. मध्यभागी तांबड्या लष्करी कोटातील मेजर विल्यम पामर बसला आहे. त्याच्याजवळ खाली बैठकीवर एक हिंदुस्थानी स्त्री असून तिच्या मांडीवर तान्हे मूल आहे. आणखी दोन मुले जवळ आहेत. पामरच्या दुसऱ्या बाजूस तशीच उंची वस्त्रे ल्यालेली आणखी एक तरुण स्त्री बसलेली आहे, आणि भोवती सेविका आहेत. चित्र अपूर्ण राहिलेले आहे. त्यावर चित्रकाराची सही नाही. वादाचे मूळ येथेच आहे.

विल्यम पामर हा वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासातला अधिकारी. हेस्टिंग्जने १७८२ साली त्याला अवधच्या नवाबाकडे लखनऊला पाठविले. १७८७ नंतर अनेक वर्षे तो महादजी शिंद्यांकडे कंपनीचा रेसिडेंट होता, आणि १७९८ ते १८०१ या काळात पुण्यास पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजी निवर्तले, तेव्हा मराठी राज्यातील शहाणपण त्यांच्याबरोबर गेले अशा आशयाचा अभिप्राय देणारा अधिकारी तो हाच. गव्हर्नर जनरल वेलस्लीला असा सौम्य माणूस पुण्यास नको होता. त्याने पामरच्या जागी बॅरी क्लोजची नेमणूक केली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह क्लोजच्याच हातून झाला.

पामरजवळ बसलेली, मांडीवर मूल घेतलेली स्त्री म्हणजे बीबी फैजबख्श. तिच्या पोटी १७८० साली जन्मलेला विल्यम पुढे हैदराबादेत 'विल्यम पामर आणि कंपनी' या सावकारी पेढीचा संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आला. मांडीवरच्या तान्ह्या मुलाचे नाव हेस्टिंग्ज. आपल्या आश्रयदात्याचे नाव पामरने मुलाला दिले होते.

चित्रकार कोण : झोफनी की रेनाल्डी?

हे चित्र दीर्घकाळ योहान झोफनी या चित्रकाराच्या नावावर होते. झोफनीचा जन्म १७३३ साली जर्मनीत झाला. १७६० मध्ये तो इंग्लंडला गेला, राजघराण्याचा आश्रय मिळवून रॉयल अकॅडमीचा सभासद झाला आणि १७८३ मध्ये हिंदुस्थानात आला. १७८४ पासून त्याचा लखनऊशी संबंध होता. नवाब आसफुद्दौल्याच्या दरबारातील कोंबड्यांच्या झुंजीचे त्याचे चित्र सर्वपरिचित आहे. अनेक माणसांना एका चौकटीत सहजपणे बसविणे, त्यांच्या नजरा आणि हात यांतून परस्परांचे नाते सुचविणे, ही त्याची हातोटी. पामर कुटुंबाच्या चित्रात ती दिसते, म्हणून ते त्याचे मानले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मताला आव्हान मिळाले. फ्रान्सेस्को रेनाल्डी याचे नाव पुढे आले. रेनाल्डी १७८६ साली कलकत्त्यास आला आणि सुमारे दहा वर्षे हिंदुस्थानात राहिला. डाक्का आणि लखनऊ येथे त्याने काम केले. हिंदुस्थानी स्त्रियांची त्याने काढलेली चित्रे मोजकी पण लक्षणीय आहेत. १७८९ सालचे, लोडाला टेकून बसलेल्या मुस्लिम स्त्रीचे चित्र आज येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. मलमलीचा पारदर्शकपणा, दागिन्यांचे बारकावे आणि स्त्रीच्या चेहऱ्यावरील शांत भाव यांकडे पाहता, पामरच्या चित्रातील स्त्रिया रेनाल्डीच्या कुंचल्यातून उतरल्या असाव्यात, असा तर्क करण्यात आला. त्यामुळे काही ग्रंथांत हे चित्र रेनाल्डीच्या नावे, तर काहींत झोफनीच्या नावे छापलेले आढळते. ब्रिटिश लायब्ररीने झोफनीचे नाव कायम ठेवले आहे.

या वादात शैलीचा पुरावा दोन्ही बाजूंनी दिला जातो. शैलीचा पुरावा तज्ज्ञाच्या नजरेवर अवलंबून असतो, आणि दोन तज्ज्ञांच्या नजरा भिन्न निर्णय देऊ शकतात. म्हणून कालगणनेचा आधार घ्यावा लागतो. येथे महत्त्वाचा साक्षीदार ठरतो तो चित्रातला सर्वांत लहान जीव, म्हणजे मांडीवरचे तान्हे मूल. हेस्टिंग्ज पामरचा जन्म १७८५ सालचा मानला जातो. मूल काही महिन्यांचे दिसत असेल तर चित्र १७८५ किंवा १७८६ चे ठरते. १७८५ मानले तर रेनाल्डी बाद होतो, कारण तो अद्याप हिंदुस्थानात पोहोचलेलाच नव्हता. त्याचे नाव टिकवायचे तर चित्र १७८६ च्या आधीचे मानता येत नाही.

चित्रकार कोण या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मूल कोण आणि ते केव्हा जन्मले या प्रश्नावर येऊन ठेपते. म्हणजे ओळखनिश्चिती ही कर्तृत्वनिश्चितीची पुरवणी नसून तिचा पाया आहे. ज्या घरातील माणसांची माहिती गौण समजून बाजूला ठेवली गेली, त्याच घराच्या माहितीवाचून चित्रकाराचे नावही पक्के होत नाही.

दुसरी स्त्री : सवत की बहीण?

पामरच्या दुसऱ्या बाजूस बसलेल्या तरुणीविषयीचा मतभेद अधिक गंभीर आहे. काही अभ्यासकांनी तिला पामरची दुसरी बीबी मानले. हा अर्थ घेतला की सारे चित्रच बदलते. मग ते गोऱ्या साहेबाच्या जनानखान्याचे चित्र होते, आणि सत्ता व उपभोग यांविषयीचे विवेचन त्यावर उभारता येते.

विल्यम डालरिंपल यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हाइट मुघल्स' या ग्रंथात या तरुणीची ओळख फैजबख्शची बहीण नूर अशी दिली आहे. ही ओळख स्वीकारली की तेच चित्र एका कुटुंबाचे होते. पती, पत्नी, मुले आणि माहेरची बहीण एकत्र बसलेली आहेत, असे दृश्य उत्तर हिंदुस्थानातील कोणत्याही शरीफ घराण्यात सहज आढळले असते. तरुणी सेविकांच्या रांगेत नसून घरच्या माणसांत बसली आहे, तिचा पोशाख घरधनिणीच्या तोलाचा आहे, या गोष्टी या ओळखीशी जुळतात.

नूरचे पुढील आयुष्य मराठ्यांच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे. तिचा विवाह बनवा द ब्वाञ् या सव्हॉयच्या सेनानीशी झाला. मराठी ग्रंथांत 'डिबॉयन' या नावाने परिचित असलेला हाच तो सेनापती. १७८४ पासून त्याने महादजी शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभारल्या. १७९० मधील पाटण आणि मेडता येथील विजय याच पलटणींच्या बळावर मिळाले. कंपनीचा वकील पामर आणि शिंद्यांचा सेनापती द ब्वाञ् हे एकाच वेळी महादजींच्या कारभाराशी निगडित होते, आणि त्यांच्या घरी दोन सख्ख्या बहिणी होत्या. मुत्सद्देगिरीच्या इतिहासात ज्या दोन पुरुषांची नावे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, ते नात्याने साडू होते ही गोष्ट चित्रातील एका चेहऱ्याची ओळख पटल्यावर अर्थपूर्ण होते.

१७९७ मध्ये नूर पती व मुलांसह इंग्लंडला गेली. तेथे द ब्वाञ् याने १७९८ साली दुसरा विवाह केला. नूर 'हेलेना बेनेट' या नावाने उर्वरित आयुष्य इंग्लंडमध्ये जगली. ससेक्स परगण्यात १८५३ साली तिचे निधन झाले आणि हॉर्शम येथे तिला दफन करण्यात आले. इंग्रजी दफ्तरात ती हेलेना बेनेट आहे, चित्रात काहींच्या मते निनावी 'दुसरी बीबी' आहे, आणि माहेरच्या घरात ती नूर बेगम आहे. एका स्त्रीच्या तीन नोंदी तीन ठिकाणी पडल्या.

'शहजादी' आणि 'बीबी' : दोन शब्दांचा घोळ

फैजबख्शच्या बाबतीतही मथळ्यांनी दोन टोके गाठली आहेत. अनेक ठिकाणी तिचा उल्लेख 'मुघल शहजादी' असा होतो. दोघी बहिणींविषयीच्या माहितीवरून मात्र त्यांचे वडील इराणी वंशाचे घोडदळातील अधिकारी होते असे दिसते. घराणे प्रतिष्ठित होते, पण राजघराणे नव्हते. मग 'शहजादी' हा शब्द आला कोठून? १७९६ साली बादशहा शाहआलम याने फैजबख्शला 'साहिब बेगम' हा किताब दिला. बादशाही किताब आणि शाही जन्म या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे उर्दू वा फारसी जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय चित्र किताबाच्या सुमारे दहा वर्षे आधीचे आहे. नंतर मिळालेला मान आधीच्या चित्रावर चिकटविणे ही कालविपर्यासाची चूक आहे. चित्रातील स्त्री अजून 'साहिब बेगम' झालेली नाही.

दुसरे टोक 'बीबी' या शब्दाचे. उर्दूत बीबी हा आदराचा शब्द आहे. घरंदाज स्त्री, पत्नी, घराची मालकीण असे त्याचे अर्थ होतात. बीबी फातिमा म्हणताना जो आदर असतो, तोच अहमदनगरच्या चाँदबीबीच्या नावात आहे आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यातही आहे. तो मकबरा औरंगजेबाच्या पत्नीचा, दिलरस बानू बेगमचा आहे. परंतु अठराव्या शतकातील इंग्रजांच्या बोलीत हाच शब्द साहेबाने ठेवलेली हिंदुस्थानी स्त्री या अर्थाने रूढ झाला, आणि पुढे संग्रहालयांच्या सूचीत त्याच अर्थाने उतरला. मूळ शब्द मानाचा, भाषांतर अवमानाचे, आणि वाचकाच्या हाती पडते ते भाषांतर.

पामरच्या मृत्युपत्राने या घोळावर काही प्रकाश पडतो. पामर १८१६ साली बऱ्हाणपूर नव्हे, बंगालमधील बहरामपूर येथे मरण पावला. मृत्युपत्रात त्याने फैजबख्शचा उल्लेख 'साहिबा बेगम' या मानासह करून, पस्तीस वर्षांहून अधिक काळाची आपली स्नेहशील सखी व सहचारिणी असे तिला म्हटले आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेतील पत्नी हा शब्द तेथे नाही, पण पस्तीस वर्षांचा हिशेब आहे. तो हिशेब चित्राच्या काळाशीही जुळतो, कारण थोरला मुलगा १७८० चा आहे. साहिब बेगम पुढे मुलाजवळ हैदराबादेत राहिली आणि १८२८ मध्ये तेथेच निवर्तली.

चित्र काढले गेले तेव्हा अशा घरांना इंग्रजी समाजात अजून स्थान होते. साहेब सपत्नीक, सहकुटुंब चित्रासाठी बसत होता, ही त्याचीच खूण. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या काळात कंपनीने हिंदुस्थानी मातेच्या पोटी जन्मलेल्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी नोकरीची दारे बंद केली. विल्यम पामर धाकटा निजामाच्या चाकरीत गेला व पुढे सावकार झाला, त्यास ही पार्श्वभूमी आहे. ज्या काळात मुलांचा दर्जा घसरला, त्याच काळात आयांची नावेही मथळ्यांतून गळू लागली. म्हणून चित्राखालील ओळ ही केवळ सूचीकाराची निष्काळजी नसून धोरणाचाही परिणाम असू शकते.

पुरावा कोठे शोधावा?

पुण्यात याच काळात जेम्स वेल्स हा चित्रकार काम करीत होता. १७९२ पासून रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. शनिवारवाड्यात चालविलेल्या चित्रशाळेतून गंगाराम तांबट यांच्यासारखा कलावंत पुढे आला. वेल्सची रोजनिशी उपलब्ध असल्याने त्याच्या कामाची तारीखवार माहिती मिळते. पामर कुटुंबाच्या चित्राला चित्रकाराच्या रोजनिशीचा असा आधार नाही. तेथे पुरावा घराच्या कागदपत्रांतूनच गोळा करावा लागतो. किताबाची बादशाही सनद, मृत्युपत्र, मुलांच्या जन्माच्या नोंदी आणि खाजगी पत्रे ही त्याची साधने होत.

पामरच्या पुण्यातील कारकिर्दीचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई यांनी 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेत संपादित केला आहे. तो राजकारणाचा पत्रव्यवहार आहे आणि त्या विषयासाठी अमोल आहे. घरातील माणसे शोधायची तर त्याच्या जोडीला फारसी व उर्दू कागद वाचावे लागतात. आणखी एक अडचण लिप्यंतराची. फैज, फैजबख्श, फैजुन्निसा, बेगम, साहिबा ही नावे इंग्रजी कागदांत इतक्या तऱ्हांनी लिहिली गेली की एकीच्या दोघी-तिघी व्हाव्यात. मूळ फारसी लिखावट डोळ्यांपुढे असली की हा गुंता बराच सुटतो. हे काम चित्रतज्ज्ञापेक्षा भाषेच्या शिक्षकाला अधिक जमणारे आहे.

भोपाळचे उदाहरण यास पूरक आहे. १८६२ साली जेम्स वॉटरहाऊस या अधिकाऱ्याने भोपाळ येथे सिकंदर बेगम व दरबारातील मंडळींची छायाचित्रे घेतली. १ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादच्या दरबारात सिकंदर बेगम यांना 'स्टार ऑफ इंडिया' हा किताब देण्यात आला होता. शाहजहाँ बेगम यांनाही तो १८७२ मध्ये मिळाला. तेव्हा एखाद्या प्रतिमेत त्या किताबाचे पदक दिसले तर ती १८६१ नंतरची एवढे निश्चित होते, पण कोणत्या बेगमेची हे केवळ पदकावरून ठरत नाही. येथे घराण्याचे स्वतःचे लेखन उपयोगी पडते. शाहजहाँ बेगम यांनी 'ताजुल इकबाल' हा भोपाळचा इतिहास लिहिला. सुलतान जहाँ बेगम यांनी आत्मचरित्राबरोबर पूर्वज बेगमांची चरित्रेही लिहिली. फैजबख्शने स्वतःविषयी असा ग्रंथ ठेवला नाही. भोपाळच्या बेगमांनी मात्र स्वतःची ओळख स्वतःच्या भाषेत नोंदवून ठेवली आहे. ती न वाचता 'बेगम ऑफ भोपाळ' या ओळीवर समाधान मानणे ही आपलीच उणीव ठरेल.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. चित्रकाराचे नाव ठरविताना चित्रातील माणसांची माहिती निर्णायक ठरू शकते. किताब, जन्म आणि वैवाहिक दर्जा यांचे शब्द त्यांच्या मूळ भाषेत तपासल्याशिवाय चित्राचा अर्थ लावू नये. आणि एका चेहऱ्याची ओळख बदलली की एका घराचाच नव्हे, त्या काळाच्या राजकारणाचाही अर्थ बदलतो.

महाविद्यालयीन शिक्षकांना वर्गात याचा उपयोग करता येईल. पाठ्यपुस्तकात एखादे जुने व्यक्तिचित्र आले की विद्यार्थ्यांना त्याखालची ओळ सुटी करून वाचायला सांगावी. नाव कोणी दिले, केव्हा दिले, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आले, चित्राच्या वेळी ते नाव त्या व्यक्तीला होते काय, आणि चित्रातील मुलांची वये सांगितलेल्या सालाशी जुळतात काय, असे प्रश्न विचारावेत. उर्दू व मराठी दोन्ही जाणणारे विद्यार्थी आपल्या संस्थांतून मोठ्या संख्येने शिकतात. फारसी सनदेचा एक कागद आणि मोडी पत्राचा एक कागद शेजारी ठेवून वाचणारी पिढी तयार झाली, तर फैजबख्श आणि नूर यांच्यासारख्या अनेकींना चित्रचौकटीत त्यांच्या खऱ्या नावाने बसविता येईल.